एकेचाळीस अंशांना गप्प झालेली चेतापेशी

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. परभणीत दुपारी पारा ४३ च्या घरात. प्रयोगशाळेतल्या कूलरची टाकी दीड तासात कोरडी पडायची, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक संगणक तेवढा चालायचा, पंखा नाही. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा आमचा विद्यार्थी घामाघूम होऊन खोलीत आला आणि म्हणाला, "सर, सापडलं. एकेचाळीस अंशांना पेशी गप्प बसायलीय."

जाऊन पाहिलं तर पडद्यावर एक आडवी रेघ होती. सुरुवातीला किंचित उचललेली, मग सरळ. मला आनंद झाला हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या आनंदातूनच बिघडलं.

मुलाला काय हवं होतं

आदल्या उन्हाळ्यात त्याचा चुलता रानात काम करता करता पडला. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत तो बरळत होता, माणसं ओळखत नव्हता. दोन दिवसांनी शुद्धीवर आला, आता बरा आहे. पण पोराच्या डोक्यात प्रश्न राहिला: अंगातली उष्णता इतकी चढली की मेंदूतल्या पेशींचं नेमकं काय होतं?

प्रकल्पासाठी विषय आणा म्हटल्यावर बाकीच्यांनी सोलर पॅनल आणि पातळ थर आणले, यानं हे आणलं. जिवंत चेतापेशीत इलेक्ट्रोड खुपसून मोजण्याची सोय आमच्याकडे कुठली? एक जुना संगणक, त्यावर पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, एवढंच भांडवल. मी म्हटलं, हरकत नाही, पेशी संगणकावरच बनवू. समीकरणं ७० वर्षांपूर्वीची आहेत, कसोटीला उतरलेली आहेत, आणि चारच आहेत.

ती चार समीकरणं

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये ती मांडली. त्यासाठी १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एक्लस यांच्यासोबत मिळालं. प्रयोगाचा प्राणी होता स्क्विड. कोकणात त्याला माकूल म्हणतात; आमच्याकडे समुद्रच नाही, तेव्हा नावही नाही. या प्राण्याच्या अंगात एक चेतातंतू असतो जो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. आपले तंतू त्याच्यापुढे केसाहून बारीक. इतक्या जाड तंतूत आत तार सरकवता येते, म्हणून मोजमाप शक्य झालं.

मॉडेल भौतिकशास्त्राच्या पोराला परकं वाटू नये असंच आहे. पेशीचं पटल, म्हणजे तिचं बाहेरचं पातळ आवरण, हा कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा; दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड. त्याला समांतर तीन वाटा. सोडियमची वाट पूर्ण उघडली तर तिची वाहकता १२० मिलिसीमेन्स, पोटॅशियमची ३६, आणि किरकोळ गळतीची ०.३. प्रत्येक वाटेला आपापली बॅटरी: सोडियमची +५० मिलिव्होल्ट, पोटॅशियमची −७७, गळतीची −५४.४. काही होत नसताना पटलाचं विभव, म्हणजे पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या विद्युतदाबातला फरक, −६५ वर बसलेलं असतं.

खरी गंमत वाटांवरच्या दारांत आहे. सोडियमच्या वाटेवर दोन तऱ्हेची दारं: एम नावाचं, विभव वाढलं की उघडणारं, आणि एच नावाचं, विभव वाढलं की मिटणारं. पोटॅशियमच्या वाटेवर एन नावाचं, तेही विभव वाढलं की उघडतं. सोडियमची वाहकता एमच्या घनाला एचने गुणून येते, पोटॅशियमची एनच्या चौथ्या घातावर चालते. एक समीकरण विभवाचं, तीन दारांची. झालं.

धक्का बसला की एम झटकन उघडतं, सोडियम आत घुसतं, विभव आणखी वर जातं, त्यामुळे एम आणखी उघडतं. विभव +३०, +४० मिलिव्होल्टपर्यंत उसळतं. तोवर एच आपल्या संथ चालीनं मिटतं, एन आपल्या संथ चालीनं उघडतं आणि विभव खाली ओढलं जातं. या उसळीला आम्ही शिखर म्हणायचो. पेशी 'बोलते' म्हणजे हेच.

हक्सले यांना ही समीकरणं सोडवायची होती तेव्हा केंब्रिजचा एडसॅक संगणक फेरबदलांसाठी बंद होता. त्यांनी ब्रुन्सव्हिगा नावाचं हातानं दांडा फिरवायचं गणकयंत्र घेतलं आणि पायरीपायरीनं आकडे काढले. तंतूभर पळत जाणाऱ्या उसळीची, म्हणजे आवेगाची, गणितं करायला आठवडे गेले. आमचा संगणक तेच काम चहा येईपर्यंत करतो, आणि इतकं सोपं झालं की आकड्यांकडे बघायचं राहून जातं. हा टोमणा स्वतःलाच मारलेला आहे.

तापमानाची सोय मॉडेलमध्ये मूळचीच आहे. दारांचे सगळे दर ६.३ अंश सेल्सिअसला धरून दिलेले आहेत. दुसऱ्या तापमानाला जायचं तर सर्व दर एका गुणकानं गुणायचे, आणि हा गुणक दर १० अंशांना तिप्पट होतो. मुलानं तापमानाच्या जागी ३८, ३९, ४०, ४१ घातलं, १० मायक्रोॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटर इतका विद्युतप्रवाह सतत दिला, आणि चारही वेळा सपाट रेघ आली. चारही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या. आम्ही त्याचा अर्थ लावला, निष्कर्ष पक्का आहे. खरं तर तोच पहिला इशारा होता. ३८ आणि ४१ मध्ये तसूभरही फरक दिसत नसेल तर तापमानाचा परिणाम मोजतोय असं म्हणायला तोंड कुठं उरतं?

फ्लेक्स, आणि प्राणिशास्त्राच्या मॅडम

महाविद्यालयात प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. मुलानं तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स छापून आणला. वर ठळक अक्षरांत: 'तीव्र तापात चेतापेशी मूक होते'. खाली ती रेघ, लाल रंगात. कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून माझं नाव आणि फोटो. फ्लेक्सवाल्यानं फोटोभोवती आपणहून फुलांची महिरप काढली होती, जणू माझा वाढदिवस आहे.

लोक थांबत होते, माना डोलावत होते. आमच्याच विभागातले एक जण म्हणाले, हे जर्नलला पाठवा. मग प्राणिशास्त्राच्या मॅडम आल्या. त्यांनी फ्लेक्स वाचला, मुलाकडे वळल्या आणि विचारलं, "बाळा, सदतीसला काय येतं?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी फ्लेक्सकडे.

सदतीस आम्ही चालवलंच नव्हतं. निरोगी माणूस कसा दिसतो हे न बघता आम्ही आजारी माणसाचं निदान करून मोकळे झालो होतो.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "लहान लेकरांचा ताप डोक्यात गेला की झटके येतात. आपल्याकडं घरोघर पाहिलेलं आहे. झटका म्हणजे पेशी एकदम, एकत्र, जास्त बोलायल्यात. तुमच्या फ्लेक्सवर तर त्या गप्प आहेत."

लाइट होती तोवर प्रयोगशाळेत जाऊन ३७ घातलं. सपाट रेघ. ३६ घातलं. सपाट रेघ. म्हणजे आमच्या हिशेबानं त्या घटकेला परभणीतला प्रत्येक धडधाकट माणूस बेशुद्ध होता, हिशेब करणारे आम्ही दोघं धरून.

आधी धरलेले आरोपी

पहिली शंका कोडवर गेली. ती तिथंच जायला हवी. तीन दिवसांत आम्हाला तीन चुका सापडल्या, आणि प्रत्येक सापडली की वाटायचं, धरला चोर.

पहिली चूक चिन्हांची. मुलानं दरांची सूत्रं एका पाठ्यपुस्तकातून घेतली होती आणि काही स्थिरांक १९५२ च्या मूळ लेखाच्या स्कॅनवरून. मूळ लेखात विभव विश्रांतीच्या पातळीपासून मोजलंय आणि चिन्ह आजच्या उलट आहे. तिथं सोडियमची बॅटरी −११५, पोटॅशियमची +१२ आणि गळतीची −१०.६१३ अशी येते. पहिल्या दोन त्यानं नीट बदलल्या, तिसरी तशीच राहिली. −५४.४ च्या जागी −१०.६ गेलं म्हणजे गळतीच्या वाटेनं विश्रांतीतच साधारण १३ मायक्रोॲम्पिअर जादा आत यायला लागले. ६.३ अंशांना, बाहेरून काहीच न देता, प्रोग्रॅम चालवल्यावर हे उघडं पडलं: पेशी आपली आपण बडबडत होती. धक्का नसताना शिखरांची रांग. हे आम्हाला महिनाभर दिसलं नाही, कारण ६.३ ला शून्य प्रवाह देऊन बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दुरुस्त केलं, ६.३ ला पेशी शांत झाली, १० मायक्रोॲम्पिअर दिल्यावर १०० मिलिसेकंदांत सहा-सात शिखरं आली. बरोबर. ३७ ला पुन्हा सपाट.

दुसरी चूक मला आवडली, म्हणून जरा थांबतो. दारांचे दर तपासायला मुलानं −८० पासून +४० पर्यंत दर ५ मिलिव्होल्टला आलेख काढला. एनचा उघडण्याचा दर छान चढत गेला, पण −५५ वर एक ठिपका गायब. एमच्या आलेखात −४० वर तसंच. "उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायलंय सर," तो म्हणाला. आकडे छापून पाहिले तर त्या दोन जागी 'नॅन', म्हणजे संख्याच नाही. सूत्र पाहा: एनसाठी वर विभव अधिक ५५, खाली एक वजा घातांकी पद, ज्यात पुन्हा विभव अधिक ५५ आहे. विभव बरोबर −५५ झालं की वर शून्य, खाली शून्य. कागदावर लोपितालचा नियम लावला की उत्तर गुपचूप ०.१ येतं, आणि एमसाठी −४० वर १. बारावीला घोकलेला नियम. संगणकाला तो नियम ठाऊक नसतो. तो शून्याला शून्यानं भागतो आणि हात वर करतो. नमपायनं, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या साधनानं, एक इशाऱ्याची ओळ छापली होती, पण ती वरच्या बाजूला सरकून गेली. असल्या ओळी वाचतं कोण? सूत्रात त्या दोन बिंदूंसाठी वेगळी किंमत घातली, आलेख सलग झाला. पण चालत्या सिम्युलेशनमध्ये विभव दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत बरोबर −५५ वर क्वचितच पडतं, आणि पडलं असतं तर रेघ सपाट न होता तुटली असती. हाही चोर नव्हता.

तिसरी शंका काळाच्या पायरीची. आम्ही सरळ ऑयलर पद्धत वापरत होतो, म्हणजे काळाच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढचा आकडा काढत जायचं; पायरी ०.०१ मिलिसेकंद. ६.३ अंशांना ती पुरेशी बारीक आहे. पण ४१ ला दर ४५ पटींनी वाढतात. विश्रांतीत एमचा कालस्थिरांक, म्हणजे त्याला नव्या जागी स्थिरावायला साधारण लागणारा वेळ, ०.२४ मिलिसेकंद असतो, तो ०.००५ वर येतो. आता पायरी मोठी आणि ज्याच्यावर चढायचं ते लहान. एमचा आलेख मोठा करून पाहिला तर सुरुवातीच्या पायऱ्यांत तो एकदा वर, एकदा खाली, करवतीच्या दातांसारखा नाचत होता. मला वाटलं, सापडलं! पायरी दहापट लहान केली. करवत गेली. रेघ जिथल्या तिथं.

त्या रात्री मुलाचा फोन आला. "सर, प्रोग्रॅम आता बरोबर हाय. सगळं तपासलं. तरी गप्पच हाय."

मी म्हणालो, मग तो खरं बोलत असेल.

कुणाचं खरं

दुसऱ्या दिवशी कोड बाजूला ठेवला. कागद घेतला, कॅल्क्युलेटर घेतला, आणि ३७ अंशांचा गुणक हातानं काढला. ३७ मधून ६.३ गेले ३०.७, भागिले दहा ३.०७, तीनचा ३.०७ वा घात: २९. म्हणजे सगळी दारं २९ पट चपळ.

मग विश्रांतीच्या विभवाला, −६५ ला, प्रत्येकाचा कालस्थिरांक लिहून काढला. ६.३ अंशांना एम ०.२४ मिलिसेकंद, एन ५.५, एच ८.५. आणि खुद्द पटलाचा, म्हणजे कपॅसिटन्स भागिले एकूण वाहकता, सुमारे १.५ मिलिसेकंद. या चार आकड्यांकडे नीट पाहिलं की शिखर का येतं ते कळतं. एम सगळ्यांच्या पुढे पळतं. पटल त्याच्या मागे. एन आणि एच बरेच मागून येतात. सोडियमला मोकळं रान मिळतं ते या अंतरामुळे.

आता ३७. एम ०.००८. एन ०.१९. एच ०.२९. आणि पटल? तेच १.५. कपॅसिटरला कुणी सांगितलेलं नाही की उन्हाळा आलाय. विभव वर चढायला लागायच्या आत एच मिटायला आणि एन उघडायला तयार. सोडियमला पळायला जागाच नाही.

मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. त्यांचं रान जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे. पाळी आली की तो रात्री दारं धरायला जातो, हे मला माहीत होतं, पण ते इथं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

"सर, हे तर दारं धरल्यासारखंच झालं की," तो म्हणाला. "एक जण पाटाचं दार फोडतो, वाफा भरत आला की दुसरा बांधतो. वाफा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच, तो काय आपल्या हातात न्हाई. आता फोडणारा बी तीसपट चपळ आन बांधणारा बी तीसपट चपळ झाला. फोडलं की बांधलं, फोडलं की बांधलं. वाफा ओला व्हायचा न्हाई."

यात एक गोष्ट कमी आहे. शेतात वाफा भरू लागला म्हणून दार आपोआप आणखी रुंद होत नाही. पेशीत होतं, आणि उसळी त्यामुळेच येते. पण बाकी सगळं त्याच्या बोलण्यात होतं. मी वर्गात कितीही वेळा हे शिकवलं असतं तरी 'कपॅसिटन्स तापमानावर अवलंबून धरलेला नाही' याच्या पलीकडे गेलो नसतो.

चारही रेघा एकमेकींवर का बसत होत्या, तेही मग सुटलं. प्रत्येक दाराला दोन दर असतात, उघडण्याचा आणि मिटण्याचा. गुणक दोघांनाही सारखाच लागतो, म्हणून त्यांचं गुणोत्तर बदलत नाही. दारं शेवटी कुठं स्थिरावतील हे तापमानावर ठरतच नाही, किती लवकर स्थिरावतील एवढंच ठरतं. १० मायक्रोॲम्पिअर सतत दिले की पटलाची समतोल पातळी ६.३ ला असो की ४१ ला, −६० च्या जेमतेम वर. थंडीत पेशी त्या पातळीवर टिकत नाही, उसळत राहते. गरमीत तिथंच बसून राहते. आम्ही जिला तापाची रेघ म्हणत होतो ती तापाची नव्हतीच.

पडताळा म्हणून १८.५ अंश घेतले. हा आकडा मनाचा नाही. तंतूतून पळत जाणारा आवेग हॉजकिन आणि हक्सले यांनी याच तापमानासाठी काढला होता. त्यांच्या गणितानं वेग आला सेकंदाला १८.८ मीटर, खऱ्या तंतूवर मोजला तर २१.२. आम्ही तंतू नाही, पटलाचा एकच तुकडा चालवत होतो, तरी थोडक्या वेळाचा जोरकस धक्का दिल्यावर शिखर आलं. अरुंद आणि जरासं बुटकं, पण शिखर. तोच धक्का ३७ ला दिला तर नुसता उंचवटा, धक्का संपला की खाली.

खऱ्या स्क्विडच्या तंतूतही असं होतं. हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की ऊब वाढवत नेली की आवेग आखूड आणि बुटका होत जातो, फार वाढवली तर बंद पडतो, आणि थंड केलं की परत येतो. म्हणजे आमच्या प्रोग्रॅमनं चूक काहीच केली नव्हती. त्यानं थंड समुद्रातल्या प्राण्याला परभणीच्या मे महिन्यात आणून ठेवलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, हा गप्प झाला. माणसाच्या तापाचं उत्तर आम्ही त्याच्या तोंडी घातलं.

याउपर मॉडेलमध्ये तापमानाचे सगळे परिणाम नाहीतच. बॅटऱ्यांचं विभव केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या प्रमाणात वाढायला हवं, ६.३ वरून ३७ ला जाताना ते ११ टक्के. दारं पूर्ण उघडी असतानाची वाहकताही उष्णतेनं काही वाढते. यातलं काही घातलं तरी स्क्विडची पेशी माणसाची होणार नाही. आपल्या मेंदूतल्या वाटांची दारं वेगळ्या घडणीची आहेत आणि ३७ अंशांनाच काम करायला बनलेली आहेत.

मग काय केलं

सादरीकरणाला २० दिवस होते. माझं पहिलं मत होतं की विषयच बदलावा. मुलगा तयार नव्हता.

आम्ही सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी बेतलेलं एक मॉडेल घेतलं: शाओ-जिंग वांग आणि ग्योर्गी बुझाकी यांचं, १९९६ चं, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातल्या भराभर बोलणाऱ्या मध्यस्थ पेशीचं. सांगाडा तोच, हॉजकिन-हक्सलेचा. आकडे वेगळे: सोडियम ३५, पोटॅशियम ९, गळती ०.१. एमला यात कालस्थिरांकच नाही, ते त्या क्षणाच्या विभवाला साजेशी किंमत लगेच घेतं. एच आणि एनचे दर ५ पट केलेले, पण ते मॉडेलात बांधूनच दिलेले. १ मायक्रोॲम्पिअर दिल्यावर शिखरांची रांग लागली. पोरगा एवढा खूश झाला की त्यानं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या पोरांना बोलावून दाखवली.

ताप मात्र आम्ही त्यात घातला नाही. ३७ वरून ४१ ला जाताना कुठलं दार किती पटीनं वेगवान होतं, ते प्रत्येक वाटेचं वेगळं असतं, आणि एकच तिप्पटीचा गुणक सगळ्यांना लावला तर आपण पुन्हा तोच फ्लेक्स छापू. चुलत्याचं काय झालं याचं उत्तर या प्रकल्पात नाही, असं त्यानं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं. ते वाक्य काढ असं मी सुचवलं होतं, परीक्षक धारेवर धरतील म्हणून. त्यानं ऐकलं नाही. परीक्षकांनी त्या वाक्यावर खूण केली, एवढंच मला दिसलं. गुण चांगले दिले.

अहवालाचं नाव झालं, 'हॉजकिन-हक्सले मॉडेल उष्ण केल्यावर शांत का होतं'. सगळ्यात जास्त पानं त्या चार कालस्थिरांकांवर आहेत. नॅनच्या प्रकरणाला त्यानं एक पान दिलं, कुरतडलेल्या आलेखासकट. प्राणिशास्त्राच्या मॅडमचे आभार माझ्याआधी मानले आहेत, ते रास्तच आहे.

फ्लेक्स त्यानं घरी नेला. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या वडिलांनी तो कडब्याच्या गंजीवर टाकला, छापील बाजू खाली करून. फुलांच्या महिरपीतला माझा फोटो आता म्हशींच्या वैरणीकडे तोंड करून आहे.

प्रोग्रॅम आमच्या विभागाच्या संगणकावरच राहिला. पुढच्या बॅचला दाखवावा म्हणून परवा मीच उघडला आणि सवयीनं चालवायला गेलो. आलेख आला नाही. पोरानं जाण्याआधी त्यात एक अट घालून ठेवली होती, ती मला सांगितली नव्हती. काळ्या पडद्यावर मराठीत एकच ओळ होती: 'प्राणी कोणता आणि तापमान किती, आधी सांगा सर.'